बिनपगारी तेरा महिने

माझे यजमान लष्कराच्या एका डेपोत स्टोअरमध्ये चेकर होते. आम्ही चिंचवड गावात भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो आणि ते रोज सकाळच्या गाडीने कामावर जात. लढाईच्या वेळी भरून ठेवलेलं सामान एकोणीसशे पन्नासनंतरच्या सालांत हळूहळू संपत आलं होतं, आणि सामान कमी होईल तशी माणसंही कमी होत होती. दर दोन-तीन महिन्यांनी एक यादी लागे. आपलं नाव कधीतरी येणार हे त्यांना वर्षभर आधीच कळलं असावं, कारण त्या दिवाळीला त्यांनी स्वतःसाठी काहीही घेतलं नव्हतं. मला मात्र ते काही बोलले नव्हते.

नाव आलं त्या दिवशी ते नेहमीच्या गाडीने घरी आले. हातपाय धुतले, चहा घेतला, मुलीची पाटी बघितली. मग म्हणाले, "महिन्याची नोटीस मिळाली आहे. एकतीस तारखेनंतर जायचं नाही."

मी विचारलं, किती जणांना. ते म्हणाले, बेचाळीस जणांना. मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती आणि मुलगा दोन वर्षांचा.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एकच अट घातली. हे कुणाला कळता कामा नये. शेजारी नाही, घरमालकीण नाही, आणि गावाकडे तर मुळीच नाही. गाव सातारा जिल्ह्यात. तिथं माझे सासरे होते, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले मास्तर, आणि सासूबाई. त्यांना आमच्याकडून दर महिन्याला पंचवीस रुपयांची मनीऑर्डर जात असे. लग्न झाल्यापासून ती एकदाही चुकली नव्हती. यजमानांचा हातात येणारा पगार शहाण्णव रुपये होता. तेव्हा पंचवीस म्हणजे लहान रक्कम नव्हती, पण तिच्याविषयी बोलण्याची आमच्या घरात पद्धत नव्हती.

नोटिशीचा महिना संपला आणि फंडाचे व नुकसानभरपाईचे मिळून पाचशे सत्तर रुपये हातात आले. एवढे पैसे आम्ही दोघांनीही कधी एकत्र पाहिले नव्हते. त्यांनी ते रुमालात बांधून आणले आणि माझ्या ट्रंकेत तळाशी ठेवले. मी विचारलं, आता काय करायचं. ते म्हणाले, दोन महिन्यांत कुठंतरी लागेलच. मी पैशांबद्दल विचारत होते, त्यांनी उत्तर नोकरीचं दिलं.

त्याच आठवड्यात त्यांचे डेपोतले एक मित्र घरी आले. यादीत त्यांचंही नाव होतं. त्यांनी एक बेत आणला होता. लष्करानं लिलावात काढलेला एक जुना ट्रक स्वस्तात मिळत होता. चाकणच्या बाजारातून कांदा आणि बटाटा पुण्याला आणि पुढं मुंबईला न्यायचा. ड्रायव्हर त्यांच्या माहितीचा होता. आम्ही चारशे रुपये घालावेत आणि निम्मी भागीदारी घ्यावी, असं त्यांचं म्हणणं होतं. मित्र बोलत होते तेव्हा यजमानांचा चेहरा मी बघत होते. नोटीस आल्यापासून पहिल्यांदाच त्यावर काही हललं होतं.

मित्र मला म्हणाले, "वहिनी, नोकरी पुन्हा मिळेल आणि पुन्हा जाईल. गाडी आपली राहील."

ते गेल्यावर मी यजमानांना विचारलं की ट्रकचं इंजिन बिघडलं तर ते तुम्हाला दुरुस्त करता येईल का. ते नाही म्हणाले. ड्रायव्हर सोडून गेला तर चालवता येईल का. ते नाही म्हणाले. कांदा घ्यायचा भाव कळतो का. त्यावर ते उठून बाहेर गेले. तीन दिवसांनी त्यांनी मित्राला नकार कळवला.

पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकते. मित्रानं दुसरा भागीदार गाठला. पहिलं वर्ष त्यांना फार जड गेलं, पण आठ वर्षांत त्यांचे तीन ट्रक झाले आणि चाकणला त्यांनी स्वतःची जागा घेतली. ते आमच्याकडे येत राहिले. यजमानांनी त्याबद्दल मला एका शब्दानं कधी बोलून दाखवलं नाही. माझा सल्ला बरोबर होता की चूक, हे मला अजूनही सांगता येत नाही. तेव्हा जेवढं माहीत होतं तेवढ्यावर तो दिला होता.

कुणाला सांगायचं नाही ही अट मी महिन्याच्या आत मोडली. आमची घरमालकीण गावातल्या जुन्या शेतकरी घरातली, साठीच्या पुढची विधवा बाई होती. रोज गाडीने जाणारा माणूस सकाळी नऊला ओट्यावर दिसतो, हे तिच्या नजरेतून सुटणं शक्य नव्हतं. तिनं सरळच विचारलं आणि मी सरळच सांगितलं. तिनं हळहळ व्यक्त केली नाही. पैसे किती मिळाले ते विचारलं. मी ते सांगायला नको होतं, पण सांगितलं.

तिची पिंपरीच्या शिवेतली दीड एकर जमीन दोन वर्षांपूर्वी एका कारखान्यासाठी गेली होती. तिचे पैसे एकरकमी आले. थोरल्या मुलानं त्यातून बैलजोडी बदलली, धाकट्यानं मोठ्या थाटात लग्न लावलं, जावई काही मागून घेऊन गेला, आणि वर्षाच्या आत ट्रंक रिकामी झाली. हे सगळं तिनं मला शेंगा फोडता फोडता सांगितलं.

"पैकं घरात ठिवू नगं," ती म्हणाली. "दिसलं की मान्सं मागत्यात. आन् दुसरं कुनी न्हाई मागितलं तर आपलंच मन मागतं."

त्या दुपारी मी ट्रंकेतून अठ्ठेचाळीस रुपये काढले आणि पुढच्या सहा महिन्यांचं भाडं तिच्या हातात दिलं. महिन्याचे आठ रुपये भाडं होतं. मग आत जाऊन तिनं एका कागदावर अंगठा उठवून आणला आणि वर काय लिहायचं ते मलाच लिहायला लावलं.

यजमानांना कळलं तेव्हा ते फार चिडले. हातातले पैसे कुणी असे आधी देऊन टाकतं का, असं त्यांचं म्हणणं होतं. मी म्हटलं, सहा महिने आपल्याला इथून कुणी उठवणार नाही, आता बाकीच्याची काळजी करू. राहिलेल्या पाचशे बावीसचा हिशोब मी मनातल्या मनात अनेकदा केला होता. धान्य, रॉकेल, दूध, मुलीची शाळा असं धरून पंचेचाळीसमध्ये महिना निघत होता. त्यात गावाची मनीऑर्डर धरली तर पैसे सात महिने पुरणार होते. ती धरली नाही तर अकरा. मी हे दोन्ही आकडे त्यांना सांगितले. ते म्हणाले, मनीऑर्डर जाईल.

मग काटकसर सुरू झाली. काटकसरीबद्दल नंतर लोक फार कौतुकाने बोलतात. मला त्यात कौतुकाचं काही दिसलं नाही. सकाळचा चहा ठेवला, दुपारचा बंद केला. दूध फक्त मुलांना. तेल निम्मं. यजमानांची सुपारी मी बंद केली नाही, कारण ती बंद केली असती तर ते दिवसभर तिचाच विचार करत बसले असते. आणि रोज येणारा पेपर बंद केला. पेपरचे महिन्याला दोन रुपयांच्या आसपास होत. गावात केशकर्तनालयात पेपर येतो, तिथं जाऊन वाचता येईल, असं मी म्हटलं आणि त्यांनीही मान हलवली.

पहिले तीन महिने ते खडकी, पुणे, तळेगाव असे सगळीकडे फिरले. पास संपला होता, म्हणून तिकीट काढावं लागे. म्हणून एका दिवसात जेवढी दारं जमतील तेवढी ते करत. सगळीकडे त्यांना वय विचारत. पस्तीस म्हटलं की पुढचं बोलणं तुटक होई. एका ठिकाणी त्यांना सांगितलं की मशीनवर घेऊ, सहा महिने शिकाऊ म्हणून. ते नाही म्हणून आले. लेखणी धरणाऱ्या माणसानं मशीनवर उभं राहणं त्यांना पटलं नाही. मी त्यावर वाद घातला नाही. घालायला हवा होता की नाही, कोण जाणे.

पिंपरीला त्या वेळी सरकारी औषधांचा कारखाना उभा राहिला होता आणि तिथं माणसं घेणार हे सगळ्यांना माहीत होतं. आम्हीही त्याच आशेवर होतो. चौथ्या महिन्यात डेपोतलाच एक जण त्यांना बाजारात भेटला आणि त्यानं सांगितलं की त्याला तिथं स्टोअरमध्ये काम मिळालं. जाहिरात आली होती, पेपरात. स्टोअरकीपर आणि चेकर, लष्करातला अनुभव असलेल्यांना प्राधान्य. मुलाखती होऊनही आता तीन आठवडे झाले होते.

केशकर्तनालयातला पेपर दुपारपर्यंत चार जणांत वाटला जाई. जाहिरातींचं पान बहुतेक वेळा दाढीचा फेस पुसायला गेलेलं असे. हे आम्हाला नंतर कळलं.

यजमान घरी आले, ओट्यावर बसले आणि म्हणाले, "दोन रुपये वाचले."

एवढंच. पुन्हा त्यांनी त्याचा उल्लेख केला नाही, पण ते वाक्य मला पुढं बरीच वर्षं अधूनमधून ऐकू येत राहिलं. दुसऱ्या दिवशी मी पेपर पुन्हा लावला. त्याला आता काही अर्थ नव्हता, तरी लावला.

त्यानंतर तीन आठवडे ते घराबाहेर पडले नाहीत. दाढीही दोन-दोन दिवसांआड करू लागले. मुलगी शाळेतून आली की तिचा अभ्यास घेत, आणि एरवी छताकडे बघत पडून राहत. मी त्यांना काही बोलले नाही. पण महिन्याची मनीऑर्डर करायची वेळ आली तेव्हा मी पोस्टात जायला नकार दिला. म्हटलं, तुमची आहे, तुम्ही जा. त्यामागं माझा काही हेतू होता असं नाही. मला खरंच राग आला होता.

ते पिंपरीच्या पोस्टात गेले, कारण चिंचवडच्या पोस्टात ओळखीचे लोक भेटले असते. सकाळी गेलेले ते दुपारी साडेतीनला आले. मी जेवायला थांबले होते. त्यांनी खिशातून नऊ आणे काढून माझ्यापुढे ठेवले.

झालं होतं असं. कारखान्याच्या आणि वसाहतीच्या बांधकामावर तेव्हा मराठवाड्याकडून, सोलापूरकडून आलेले शेकडो मजूर होते. त्यांचा पगाराचा दिवस नुकताच झाला होता आणि पोस्टात मनीऑर्डरसाठी रांग लागली होती. बहुतेकांना फॉर्म भरता येत नसे. एकानं यांना भरून द्यायला सांगितलं. त्याचा बघून दुसऱ्यानं. मग रांगच यांच्याभोवती लागली. एकानं आणा दिला, तो त्यांनी परत केला. पुढच्यानं दिला तेव्हा परत केला नाही.

"हातात पेन होतं," ते म्हणाले. मी काही विचारलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा गेले. पोस्टासमोर निर्वासितांच्या कॅम्पातल्या एका सिंधी कापडवाल्याचं दुकान होतं. त्यानं आपल्या दुकानाच्या पडवीत यांना एक खोकं आणि पोतं दिलं. तो फाळणीत सगळं सोडून आला होता आणि पहिलं वर्षभर त्यानं हातगाडीवर कापडाचे तुकडे विकले होते. त्यानं जागेचं भाडं घेतलं नाही, पण त्याचे मराठीतले अर्ज फुकट लिहून द्यायचे असं ठरलं. लवकरच कॅम्पातले बाकीचे लोकही अर्ज घेऊन येऊ लागले. डेपोत यजमानांना इंग्रजी लिहायची सवय होती, ती आता कामाला आली.

पगाराच्या आठवड्यात दिवसाला अडीच-तीन रुपये मिळत. बाकीच्या दिवसांत कधी आठ आणे, कधी काहीच नाही. महिन्याला सगळं मिळून पंचवीस ते तीस रुपये येत. म्हणजे जवळजवळ नेमकी गावची मनीऑर्डर. ट्रंकेत तेव्हा पावणेदोनशेच्या आत राहिले होते, आणि भरलेलं भाडं महिन्याभरात संपणार होतं.

मी तेव्हा सासऱ्यांना पत्र लिहिलं. यजमानांना विचारलं नाही. बंद पाकीट घेतलं, कार्ड नाही, म्हणजे गावच्या पोस्टमनला वाचता येऊ नये. नोकरी गेल्याला पाच महिने झाले, दुसरी अजून नाही, घर चालतं आहे, मुलं बरी आहेत, आणि या महिन्यापासून दहा रुपये पाठवू शकू, असं साधं लिहिलं. माफी मागितली नाही आणि कारणंही दिली नाहीत. पाकीट पेटीत टाकल्यावर मला थोडं हलकं वाटलं आणि घरी येईपर्यंत भीती वाटू लागली.

आठव्या दिवशी सासरे स्वतः दारात उभे राहिले. हातात एक पिशवी आणि शेंगांचं गाठोडं. त्यांनी पाणी घेतलं आणि आपला मुलगा कुठं आहे ते विचारलं. मी सांगितलं, पिंपरीला.

"नोकरी लागली?"

"नाही मामंजी. पोस्टासमोर बसतात. लोकांचे फॉर्म भरून देतात."

चहा झाला, त्यांनी मुलांना जवळ घेतलं, आणि उन्ह उतरल्यावर मला काही न सांगता बाहेर पडले. मला वाटलं देवळात गेले असतील. ते पायी पिंपरीला गेले होते. पोस्टाच्या पलीकडच्या बाजूला एका झाडाखाली उभे राहून त्यांनी आपल्या मुलाला काम करताना पाहिलं. त्याच्याजवळ मात्र गेले नाहीत. दिवेलागणीच्या सुमाराला परत आले, पाय धुतले आणि मला म्हणाले, "अक्षर चांगलं ठेवलंय त्यानं. लांबून दिसत होतं, घाई करत नाही."

यजमान आले आणि वडिलांना पाहून दारातच थांबले. पत्राची गोष्ट लगेच उघडी पडली. वडिलांसमोर ते मला काही बोलले नाहीत. वडील आत झोपल्यावरही बोलले नाहीत. त्यांनी माझ्याशी बोलणंच बंद केलं. मीठ हवं असेल तर मुलीला सांगत, "आईला म्हणावं मीठ." हे नऊ दिवस चाललं. सासरे सगळं बघत होते आणि त्यांनी मध्यस्थी केली नाही.

त्यांनी वेगळंच काहीतरी केलं. तिसऱ्या दिवशी दुपारी मी धान्य निवडत बसले असताना त्यांनी विचारलं, "तू फायनल पास आहेस ना?"

मी होय म्हटलं. सातवीनंतरची ती परीक्षा मी लग्नाआधी दिली होती आणि तिचं सर्टिफिकेट माहेरून येताना ट्रंकेत घालून आणलं होतं, ते तसंच होतं. ते म्हणाले, बघू. मी काढून दिलं. त्यांनी ते उजेडात धरून पूर्ण वाचलं, सह्यांसकट. मग म्हणाले की लोकल बोर्डाच्या शाळांना शिकवायला बायका मिळत नाहीत, मुलींची पटसंख्या वाढते आहे, आणि त्यांच्या बरोबरीचे एक गृहस्थ पुण्याच्या कचेरीत आहेत. अर्ज त्यांनी स्वतः लिहिला. दोन दिवसांनी मला आणि धाकट्याला घेऊन ते गाडीने पुण्याला गेले. कचेरीत चार तास बसलो. मला एक उतारा वाचायला लावला, त्रैराशिकाचं एक गणित घातलं, आणि कळवू म्हणाले.

यजमानांना हे पसंत नव्हतं. पण ते माझ्याशी बोलत नसल्यामुळे त्यांना तसं सांगता आलं नाही.

सासरे अकरा दिवस राहिले. निघताना मी त्यांच्या पाया पडले. यजमान पिशवी घेऊन पुढं गेले होते. सासरे मला म्हणाले, "तू मला कळवलंस हे बरं केलंस. पण त्याला विचारून कळवायला हवं होतंस. त्याला सांगायची संधी राहिली नाही."

मी होय म्हटलं. ते खरं होतं, आणि विचारलं असतं तर त्यांनी कळवू दिलं नसतं, हेही खरं होतं. दहा रुपयांबद्दल सासरे काही बोलले नाहीत. पुढच्या महिन्यात दहा गेले. ते त्यांनी घेतले.

भाड्याची मुदत संपल्यावर मी माझी एक पाटली विकली. गहाण ठेवावी असं यजमान म्हणत होते, कारण ती त्यांच्या आईनं घातलेली होती. पण गहाण ठेवलेली वस्तू आपल्याजवळ नसते आणि गेलेलीही नसते. दर महिन्याला तिची आठवण करायला पैसे द्यावे लागतात. मला ते नको होतं. पुण्याच्या सराफानं सव्वाशेच्या जवळ दिले. राहिलेली एक मी पुढं एकाच हातात घालत असे. लोक विचारत, तेव्हा मी खरं सांगे. खरं सांगितलं की दुसऱ्यांदा कुणी विचारत नाही, एवढं त्या वर्षानं मला शिकवलं.

नवव्या महिन्यात बोर्डाचं पत्र आलं. चाकणच्या रस्त्यावरच्या एका गावी शाळेत तात्पुरती जागा होती. पगार पन्नासच्या आतबाहेर. निम्मी वाट चालत आणि निम्मी मोटारीने जावं लागणार होतं. मुलाला कुठं ठेवायचं हा प्रश्न होता. घरमालकीण म्हणाली, मी बघीन, महिन्याला दोन रुपये दे. मी जरा थबकले. तिचा माझा घरोबा होता आणि ती पैसे मागेल असं मला वाटलं नव्हतं.

"पैसं घेनार हाय मी," ती म्हणाली. "मंग पोराला येळेवर जेवाया न्हाई घातलं तर तुला बोलाया तोंड ऱ्हाईल."

तिनं त्याला नेहमी वेळेवर जेवू घातलं.

यजमान तोवर माझ्याशी बोलत असत, पण कामापुरतंच. त्यांनी मला एवढंच विचारलं की वर्गात किती मुलं आहेत. मी म्हटलं, पटावर एकावन्न, येतात वीस. पहिल्या दिवशी ते मला मोटारीच्या थांब्यापर्यंत सोडायला आले आणि मोटार येईपर्यंत उभे राहिले. मग तिथूनच ते पिंपरीला गेले.

वर्ष उलटून गेल्यावर औषधांच्या कारखान्यात दुसऱ्यांदा माणसं घेतली. ही जाहिरात त्यांनी पेपर दारात पडल्या पडल्या पाहिली. मुलाखतीत त्यांना विचारलं की गेल्या वर्षभरात काय केलं. ते म्हणाले, पोस्टाबाहेर बसून लोकांचे फॉर्म भरले. काही वेगळं सांगता आलं असतं, सांगायचं ठरवलंही होतं. पण समोर बसलेल्या साहेबांपैकी एकानं त्यांना तिथं बसलेलं पाहिलं असेल असं त्यांना वाटलं, म्हणून खरं सांगितलं. त्यांना घेतलं. स्टोअरमध्ये, रिकाम्या बाटल्यांच्या विभागात, सगळ्यांत खालच्या जागेवर. पगार डेपोपेक्षा अठरा रुपयांनी कमी आणि शिफ्टमध्ये काम. त्यांच्या वरचा माणूस त्यांच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान होता. घरी आल्यावर ते त्याच्याविषयी बोलताना नेहमी 'साहेब' म्हणत. मला सुरुवातीला ते थट्टेनं म्हणतात असं वाटे, पण तसं नव्हतं.

पहिला पगार झाला त्या आठवड्यात ते म्हणाले, "आता सोड ती शाळा. हाल होतात."

"जूनमध्ये कायम करणार आहेत," मी म्हटलं.

"माझी सेकंड शिफ्ट असली की मुलांना कोण बघणार?"

"फर्स्ट शिफ्ट असते तेव्हा तुम्ही तीनला घरी असता. मी साडेसहाला येते."

ते म्हणाले, मला स्वयंपाक येत नाही. मी म्हटलं, मलाही एकावन्न मुलं शिकवता येत नव्हती. हे मी रागानं म्हटलं नाही, पण त्यांना तसं वाटलं असावं.

जूनमध्ये मला कायम केलं. त्यानंतर सव्वीस वर्षं मी शिकवलं, चार-पाच गावांत. घरात कोणाचा पैसा कुठं जातो यावर आमचे वाद झाले, बरेच झाले. पण पैशाविषयी बोलायचंच नाही ही जुनी रीत मात्र गेली.

फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात ते तीनला घरी येत. पावसाळा संपेपर्यंत ते भात आणि आमटी करायला शिकले. मी दिवेलागणीच्या आधी पोचे तेव्हा पातेली झाकलेली असत, मुलगी पाटीवर काही लिहीत असे आणि ते ओट्यावर पेपर वाचत बसलेले असत. आमटीत मीठ बहुधा जास्त पडे. मुलीला मात्र तीच आवडे, आणि मी केलेली आमटी पाण्यासारखी लागते, असं ती म्हणे. ते ऐकून यजमान पेपरातून मान वर करत नसत, पण पान उलटता उलटता थांबत.